जिनिंगच्या रिकाम्या हॉलचा फोटो

फिल्म कॅमेरावाल्या मंडळींनो, आज सकाळी दर्यापूरला कापसाच्या एका बंद जिनिंग फॅक्टरीचे फोटो काढले. पुढच्या आठवड्यात ती पाडणार आहेत.

तिथले चौकीदार रहीमभाई आधी तीस वर्षं त्याच हॉलमध्ये फिटर होते. मी ट्रायपॉड लावेपर्यंत ते केस विंचरून आले. "मले बी घ्या ना साहेब. इथला एकबी फोटू नाही माह्यापाशी. कुठं उभा राऊ?"

मला हॉल रिकामा हवा होता. नाही म्हटलं असतं तर त्यांनी कुलूप लावलं असतं. म्हणून म्हणालो, "उभे राहू नका. फिरत राहा, कामावर असताना फिरायचे तसे."

अंधारा हॉल, चार मिनिटांचं एक्स्पोजर. तेवढ्या वेळात भिंती उमटतात, चालता माणूस उमटत नाही. मला हे पक्कं माहीत होतं. मशिनी कधीच भंगारात गेल्यात, पण रहीमभाई एकेकीच्या जागी जाऊन हात चालवत होते.

"आलो ना मी?"

"आलात."

रोलवर एक फ्रेम उरली होती. ती मी बाहेरच्या धुराड्यावर खर्च केली.

आता अमरावतीत, माझ्या बाथरूममध्ये निगेटिव्ह वाळतंय. हॉल अप्रतिम आलाय, एकदम स्वच्छ. उद्या इथे टाकीन तेव्हा तुम्हीही वाहवा कराल.

रहीमभाईंनी नातवाला दाखवायला एक प्रत मागितली आहे. पाठवणार आहे.

तुम्हाला काय वाटतं, ते स्वतःला आधी कोणत्या मशीनपाशी शोधतील?