आलेकूच्या चाळिसाव्याची सलामी

लिओंतिनाच्या टेबलावर सलामी असते, चीज असतं, दूध असतं, लोणी असतं, आणि यातल्या एकाही गोष्टीशी कुठल्याही जनावराचा संबंध नसतो. आमच्या मंडईत हा गुन्हा आहे. कायद्याने नव्हे, कायद्याचे सगळे शिक्के तिच्याकडे आहेत. पण मंडईत कायद्यापेक्षा शेजारी मोठे.

तिच्या डाव्या हाताला नेआ नेकुलाई, म्हणजे नेकुलाईदादा, खाटीक. बोलतो तेव्हा वाटतं, वाक्य आधी खुंटीवर टांगतो आणि मग तुकडे पाडतो. उजव्या हाताला माझी आई, मेंढीच्या दुधाचं खारं चीज विकणारी. समोर लोणच्याच्या पिंपांमागे तांती सावेता, म्हणजे सावेतामावशी. ही कोबीचा भाव सांगते तोही कोणीतरी आत्ताच गेल्यासारखा. या तिघांच्या मधोमध लिओंतिना बसते. ते टेबल तिला मिळालं कारण आधीचा मासेवाला मुलीकडे इटलीला निघून गेला आणि त्या वासात बसायला कोणी तयार नव्हतं. लिओंतिनाने सोडा आणि व्हिनेगर घेऊन आठवडाभर ती फरशी घासली. वास गेला आणि दुसऱ्याच दिवसापासून सगळ्यांना ती जागा हवीशी झाली.

तिला मंडईत गवतवाली म्हणतात. तोंडावर म्हणतात, मागून नाही. ती आधी नदीपलीकडच्या सॉसेजच्या कारखान्यात होती, मसाल्याच्या खोलीत. मिरी, लसूण, जायफळ, लाल तिखट, पोती फोडायची, वजन करायचं, मिसळायचं. सगळं तारुण्य तिने तिथे शिंकत घालवलं आणि डुक्कर कधी डोळ्यांनी पाहिलं नाही. मग एकदा माणसं कमी पडली म्हणून तिला आठवडाभर ट्रक उतरवायच्या दारावर उभं केलं. आठवडा संपला, तिने ॲप्रन काढून खुंटीला लावला आणि परत गेली नाही. काय पाहिलं म्हणून कोणी विचारलं तर ती नाकातून, एकेक शब्द तागडीत टाकल्यासारखी बोलते, "जाऊन बघ. मग ये, मग बोलू." अजून तरी कोणी जाऊन आलेलं नाही.

आता तिच्याकडे ओटचं दूध आहे, काजूचं चीज आहे, सूर्यफुलाच्या बियांची साय आहे, कातड्याशिवायचे पट्टे आहेत, चरबी न घातलेला साबण आहे. यीस्टचे पिवळे पापुद्रे आहेत, जे शेवयांवर भुरभुरले की चीजसारखे लागतात. माझी आई म्हणते, माशांच्या खाद्यासारखे लागतात. आईने ते चोरून खाऊन पाहिलेत हे त्यावरूनच कळतं. बुधवारी दुपारी लिओंतिना टेबलामागे शेगडी लावते आणि ज्यांना जनावरं खायची सोडायची आहेत त्यांना रांधायला शिकवते. येतात चार पोरी आणि हृदयाचं दुखणं असलेले भूगोलाचे निवृत्त मास्तर. ती शिकवते म्हणजे खेकसते. बीन रात्री भिजत घातले नव्हतेस ना? मग तुझं पोट फुगेल आणि नाव माझं जाईल. बी-बाराच्या गोळ्या घेतोस का? नाही? मग वर्षभराने हातापायाला मुंग्या येतील तेव्हा माझ्याकडे येऊ नकोस. मास्तर मान खाली घालून वहीत लिहितात, आणि शेजारून नेकुलाई सुरा घासत म्हणतो की वर्गातल्या सगळ्यात मठ्ठ मुलाला शेवटी शाळा सापडली.

चीजच्या नावावरून आईचं आणि तिचं रोज होतं. आई म्हणते, "काजूला सड दाखव, मग मी त्याला चीज म्हणते." लिओंतिना म्हणते, "तुझ्या मेंढीला कधी विचारलंस, दूध कोणासाठी आलंय?" दोघींची ही वाक्यं मला इतकी पाठ आहेत की दोघी गिऱ्हाइकात गुंतल्या असल्या तर मी दोन्ही बाजूंनी भांडण चालू ठेवू शकते. नेकुलाईला फरक कळत नाही.

वर्षातून एकदाच तिच्यापुढे रांग लागते, ईस्टरआधीच्या मोठ्या उपासात. मांस नाही, अंडं नाही, दूध नाही. उपासाआधी खाऊन घ्यायच्या कार्निव्हलला तिच्या टेबलासमोर थुंकणारे लोक उपासाच्या पहिल्या सोमवारी पिशव्या घेऊन हजर. लिओंतिनाने गप्प बसून विकावं की नाही? नाही. ती प्रत्येकाला ऐकवते की तुम्ही पोटाला सुट्टी देताय, कोकराला नाही. त्याचा गळा तर ईस्टरला कापायचाच आहे. लोक माल घेतात, अपमान घेतात आणि घरी जाऊन दोन्हींबद्दल तक्रार करतात.

यंदा नेकुलाईला तिचं टेबल हवं होतं. त्याच्या जावयाला तिथे खिम्याच्या कांड्या भाजायची शेगडी टाकायची होती. आमच्याकडे रीत अशी की ईस्टरच्या आठवडाभर आधी येणाऱ्या झावळ्यांच्या रविवारच्या आदल्या दिवशी मंडईचे मॅनेजर दोमिन्ते साहेब प्रत्येक टेबलापुढे उभे राहतात आणि डावीकडच्याला, उजवीकडच्याला आणि समोरच्याला तोंडी विचारतात, काही त्रास? तिघेही हो म्हणाले की टेबल गेलं. एक जरी नाही म्हणाला तर वर्षभर राहिलं. नेकुलाई हो म्हणणार होताच. माझी आईही. राहिली तांती सावेता.

आणि तांती सावेताचा म्हातारा आलेकू नेमका कार्निव्हलच्या आठवड्यात गेला. शेवटपर्यंत सलामी खात गेला. डॉक्टरने बंद कर म्हटलं तर त्याने डॉक्टर बंद केला. त्याच्या चाळिसाव्याचं, म्हणजे मेल्यानंतर चाळिसाव्या दिवशीचं जेवण भर उपासात आलं. आता, चाळिसाव्याला जे ताट तुम्ही इथे लोकांच्या हातात देता ते तिकडे मेलेल्याच्या पुढ्यात जातं, हे आमच्याकडे लहान पोरालाही ठाऊक. तांती सावेताच्या स्वप्नात आलेकू आला. लांबलचक टेबलाच्या टोकाला बसलेला, पुढे फळीवर नुसता ब्रेड, हातात चाकू. तो एवढंच म्हणाला, सावेते, ब्रेड आहे, सलामी कुठाय?

ती पाद्रीबाबा इरिमियांकडे गेली. त्यांनी दाढी कुरवाळत, प्रत्येक शब्दाला धूप दाखवत सांगितलं की उपासात मांसाचं दान नाही, ईस्टरनंतर द्या. म्हणजे तोवर माणूस चाकू धरून बसणार, असं तांती सावेता मंडईभर सांगत सुटली. मग एका दुपारी डोक्याच्या रुमालाआड तोंड लपवून लिओंतिनापुढे आली. सलामीसारखी सलामी करता येते का? सोया नको. कम्युनिस्टांच्या जुन्या राजवटीत अंधारात रांगा लावून दहा वर्षं आम्ही सोयाची सलामी खाल्ली आहे, मेल्यावर तरी त्याला ती नको.

लिओंतिना म्हणाली की आलेकू जन्मभर जी सलामी खायचा तिचा मसाला कारखान्यात तीच मिसळायची. सोया नाही घालणार. पांढरे बीन, अक्रोड, बीट...

तांती सावेताने घाईघाईने हात वर केला. पुढचं सांगू नकोस. वासाला सलामी असली की झालं. पोट त्याचं आहे, त्याला कळेल. आणि दोमिन्ते साहेबांना मी त्रास नाही म्हणेन, क्रुसाची शपथ.

लिओंतिनाने आलुबुखाराच्या लाकडावर धूर देऊन सलामीच्या गुंडाळ्या केल्या. मंडईच्या मागच्या अंगणात तो वास असा भरला की नेकुलाई दोनदा सहज म्हणून फिरून गेला.

शनिवारी देवळाच्या दालनात जेवण. अक्रोड-साखर घातलेले उकडलेले गहू, भात-मशरूम भरलेल्या कोबीच्या गुंडाळ्या, बीनची चटणी, वाइन, आणि प्रत्येक ताटात कापलेली लिओंतिनाची सलामी आणि तिच्याशेजारी पेटवलेली मेणबत्ती. तांती सावेता ताट हातात देताना म्हणायची, आलेकूसाठी, आणि घेणारा मेलेल्याचं भलं होवो म्हणायचा. सगळं सुरळीत चाललं होतं. मग नेकुलाईने एक काप तोंडात टाकला. डोळे मिटले. सावकाश चावला. दुसरा काप घेतला. आणि उभा राहिला.

"हे डुक्कर आहे," तो म्हणाला. "मानेचं. मी जन्मभर मांस कापतोय, मला कोण फसवणार?"

मग जे झालं त्याची नक्कल करायला एकटी मी पुरत नाही. रुमालात थुंकणारे, वाइनने चूळ भरणारे, एक म्हातारी तर तोंड न पुसताच पाद्रीबाबांकडे पापाची कबुली द्यायला धावली. माझी आई ताट टेबलाखाली ठेवून म्हणाली की तिला पहिल्याच घासाला संशय आला होता. ताट मात्र रिकामं होतं. पाद्रीबाबांनी लिओंतिनाला विचारलं. ती नाकातून म्हणाली, बीन आहे. नेकुलाई म्हणाला, ही बीन असेल तर मी गवत खाईन, बोलवा उर्सूला.

उर्सू म्हणजे मंडईचा कुत्रा. नेकुलाईच्या हातचं खाऊन माजलेला, हाडाशिवाय मान वर करत नाही. नेकुलाईने जाडजूड काप त्याच्या पुढ्यात टाकला. सगळे गोल करून उभे राहिले. उर्सूने हुंगलं. दुसऱ्या बाजूने हुंगलं. नेकुलाईकडे पाहिलं, नोकराने चूक केल्यावर मालक पाहतो तसं. आणि दाराबाहेर जाऊन उन्हात आडवा झाला.

लोकांनी छातीवर क्रुसाची खूण केली. उपास मोडला नव्हता. मग कोणीतरी हसलं, मग सगळेच हसले. आमच्या खाटकाला बीन आणि मान यातला फरक कळत नाही, हे वाक्य ईस्टरपर्यंत पुरणार होतं. नेकुलाईचे कान त्याच्या दुकानातल्या काळजासारखे लाल झाले. लिओंतिनाने एवढंच केलं की गवत तुझ्याकडे पाठवून देऊ का, असं त्याला सगळ्यांसमोर विचारलं. तिला ते न विचारणं जमलंच नसतं.

तांती सावेता हसली नव्हती. ती त्या जमिनीवरच्या कापाकडे बघत बसली होती. मग ती कोणालाही उद्देशून नाही असं म्हणाली की कुत्र्याने तोंड लावलं नाही, आणि मी ते माझ्या माणसाला वाढलं.

पुढचा आठवडाभर नेकुलाई तिच्या पिंपांपाशी बसून होता. काय बोलायचा ते मी इथे ऐकवू शकते, पण थोडक्यात हे: आलेकू तिकडे फळीपुढे बसलाय, समोर बीन आहेत, आणि तो विचारतोय हे कोणी पाठवलं. तांती सावेता काकड्या मोजता मोजता मध्येच थांबायची.

शनिवारी दोमिन्ते साहेब आले. हे प्रत्येक वाक्याच्या आधी घसा साफ करतात आणि मग वाक्य बोलायचं विसरतात. डावीकडे विचारलं. नेकुलाई म्हणाला, त्रास होतो. उजवीकडे विचारलं. आई म्हणाली, काजूला चीज म्हणून विकते, त्रास होतो. मग ते वळले.

तांती सावेता पिंपामागून पुढे आली. दोमिन्ते साहेबांकडे तिने पाहिलंच नाही. ती लिओंतिनापुढे उभी राहिली. मंडईत सुरे थांबले, तराजू थांबले.

"एकच सांग मला," ती म्हणाली. "चिमूटभर तरी मांस होतं ना त्यात? जुन्या सवयीने, मसाल्याबरोबर, चुकून? पाप मी माझ्या माथी घेते. पाद्रीबाबांना सांगणार नाही. तू हो म्हण, आणि राहा इथे."

लिओंतिनाच्या टेबलापुढे तेव्हा एक गिऱ्हाईक होतं, नर्सिंग शिकणारी एक मुलगी, खांद्याला रिकामी पिशवी. तीही लिओंतिनाकडे बघत होती. आणि मला तेव्हा वाटलं की आता ही हो म्हणेल. दोन अक्षरंही नाहीत त्यात. म्हातारीचा जीव भांड्यात पडेल, आलेकू जेवेल, नेकुलाईची शेगडी बोंबलेल. आईसुद्धा चीजवरचं फडकं हातात धरून वाट बघत होती, आणि शपथेवर सांगते, तिलाही हो ऐकायचं होतं.

"नाही, सावेता," लिओंतिना म्हणाली. "तंतूही नव्हता."

"मग माझा माणूस उपाशी आहे."

"तुझा माणूस मेलाय."

तांती सावेताने ते नीट ऐकून घेतलं. मग ती दोमिन्ते साहेबांकडे वळली आणि म्हणाली, त्रास होतो. फार होतो.

दोमिन्ते साहेबांनी घसा साफ केला आणि या वेळी वाक्यही बोलले: सोमवारी सकाळी टेबल रिकामं पाहिजे. नेकुलाईने जावयाला शीळ घातली. जावई टेप घेऊन तयारच होता. तो आला आणि लिओंतिनाच्या टेबलाचं एक टोक धरून माप घ्यायला लागला.

लिओंतिना त्या मुलीकडे वळली. मुलगी म्हणाली की तिला मांस सोडायचंय, आधी काय घ्यावं ते कळत नाही. लिओंतिनाने बी-बाराच्या गोळ्यांची डबी तिच्या हातात ठेवली आणि ही आधी, असं सांगितलं. बाकी सगळं चुकलं तरी निभेल, ही चुकायची नाही. मग ओटचं दूध, मग पिवळे पापुद्रे, आणि बीन इथून घेऊ नकोस, बाहेरच्या बाजाराच्या शेवटी म्हातारा बसतो त्याच्याकडून घे, त्याचे लवकर शिजतात. मुलीने विचारलं की बुधवारचा वर्ग आता कुठे.

"माझ्या घरी. पुलापलीकडे, हिरवं फाटक. बीन रात्रीच भिजत घालून आण, तिथे आल्यावर कारणं सांगायची नाहीत." मग तिने मान न वळवता टेबलाच्या त्या टोकाला सांगितलं, "आणि तू हात काढ. संध्याकाळपर्यंत हे माझं आहे."

जावयाने हात काढला.