रंगू दोन जिवाची होती तेव्हा

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. नंतर मध्येच खिदळलात तर मी सांगायचा थांबेन, आणि चहाही अर्धाच राहील. चूक म्हणाल तर एका शब्दाची केली मी. पण त्या एका शब्दापायी माझ्या घरी किन्हीराजाहून भगत आला होता, भर दुपारी, आणि तोही एसटीनं!

मी मेडशीत पिठाची गिरणी चालवतो हे तुम्हाला ठाऊकच आहे. आई गेल्यापासून घरात एकटा. लग्नाचं विचारू नका. तर पोळ्याच्या सुमारास रस्त्यावर मला एक सरडी दिसली. साधी कुंपणावरची नव्हे, ती रंग बदलणारी, गुंडाळलेल्या शेपटीची. एक पाय उचलायची, हवेत डुलायची, पुन्हा तिथेच ठेवायची. समोरून एसटी येत होती आणि या बाईसाहेबांचा रस्ता ओलांडून होईना! उचलली आणि आणून अंगणातल्या मेंदीवर सोडली.

पाळली असं म्हणत नाही मी. असलं जनावर कोंडून ठेवायचं नसतं, आणि मी कोंडलंही नाही. मेंदी उघडी, कुंपण उघडं. तीच राहिली. मी तिचं नाव ठेवलं रंगू. रोज शेतातून नाकतोडे आणायचो, हातावर धरायचो, ती लांबूनच जीभ मारून उचलायची. खोटं कशाला बोलू, घरात कुणीतरी जेवायला वाट पाहतंय याचा मला फार आनंद होता.

सोयाबीन निघालं तसं रंगूचं पोट दोन्ही बाजूंनी सुटलं. मी ओळखलं. आणि मग एक दिवस तिनं नाकतोड्याकडे पाहिलं आणि तोंड फिरवलं. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी मी घाबरलो आणि शांतामावशीला फोन लावला.

शांतामावशी म्हणजे माझ्या आईची धाकटी बहीण. किन्हीराजाला असते. पन्नासेक वर्षं सुईणपण केलेली बाई. अर्ध्या गावाला तिनंच पहिल्यांदा उलटं धरून रडवलंय. म्हटलं, हिच्याइतकं कुणाला कळणार?

आता तो शब्द. गाईम्हशीला आपण गाभण म्हणतो. पण रंगूला गाभण म्हणायला माझी जीभ रेटेना. इतकी लाडाची ती! म्हणून मी आपलं चांगलं, घरंदाज बोललो.

"मावशी, दोन जिवाची असली अन् खाणंच सोडलं, तं काय द्याव?"

मावशीनं पलीकडून विचारलं,

"कोण रे गजा?"

"रंगू. माह्या घरी राह्यते ना थे."

"तुह्या घरी? कवापासून?"

"पोळ्यापासून. रस्त्यात भेटली. एसटीखाली येऊन राह्यली होती, उचलून आणली."

"माय वं! कोणाची हाय?"

"कोणाचीच नाई."

"अन् पोटातलं?"

"मले काय माईत मावशी! येण्याआधीचंच असन."

मावशीनं मोठा श्वास घेतला. मला वाटलं, तिला दम लागलाय. नंतर अगदी हळू आवाजात तिनं विचारलं, "खाते काय थे?"

"नाकतोडे. दिवसाचे पाच-सहा. जित्ते लागतेत पण. मेलेला देला तं पाहत बी नाई."

तुम्हीच सांगा, इथे तरी तिनं विचारायला हवं होतं की नाही, की बाबा रे, हे आहे तरी काय? नाही विचारलं! तिच्या डोक्यात वेगळंच काहीतरी शिजायला लागलं होतं.

"आता कुठी हाय?"

"समोरच. झाडावर बसली हाय."

"झाडावर."

"हो. एक डोया माह्याकडं, एक मांगं घराकडं."

"रंग कसा हाय तिचा?"

"सकाळी हिरवीगार होती. आता कायी पडून राह्यली."

मावशी म्हणाली, "गजा, एक काम कर. तिचे पाय पाहून सांग."

मी वाकून नीट पाहिले. मेंदीच्या फांदीला चिमट्यासारखे धरलेले. जे दिसलं ते प्रामाणिकपणे सांगितलं.

"अर्धी बोटं पुढं, अर्धी मांगं हायेत मावशी."

फोन हातातून पडल्याचा आवाज आला. नंतर ती पुन्हा आली तेव्हा आवाज पार बदललेला.

"मी सांगतो थे ऐक. तिच्या डोयात पाहू नोको. अंधार पडाच्या आत दार लावत जाय. अन् तिनं हाक मारली तं ओ देऊ नोको."

"थे बोलत नाई मावशी. फुसफुसते फक्त."

"फुसफुसते?" असं म्हणून तिनं फोन ठेवून दिला.

आता माझी अक्कल बघा. मला वाटलं, काय बाई आहे! सरड्यांचंसुद्धा ज्ञान! पण फोन ठेवला आणि तिचं ते वाक्य माझ्या मागे लागलं. हाक मारली तर ओ देऊ नको. का बरं? ती हाक मारते की काय?

दुपारची लाइन गेलेली होती, गिरणी बंद. आमच्या गल्लीत त्या वेळेला चिटपाखरू नसतं. मी खिडकीत बसलो. रंगू मेंदीवर. तिचा एक डोळा गरकन फिरला आणि माझ्यावर थांबला. दुसरा माझ्या खांद्याच्या वरून मागे काहीतरी पाहत होता. माझ्या मागे फक्त भिंत. तरी मी वळून पाहिलं. तुम्हीही पाहिलं असतं!

त्याच दुपारी मला पहिला खड्डा दिसला.

मेंदीच्या बुडाशी होता. मूठ आत जाईल एवढा, तिरपा, आणि खोल. माती बाजूला नीट काढून ठेवलेली. कुत्रं उकरतं तेव्हा माती सगळीकडे उडवतं. इथे कुणीतरी शांतपणे, विचार करून काम केलं होतं. जवळच रंगू जमिनीवर पडलेली. म्हटलं, अशक्तपणानं बिचारी झाडावरून पडली. उचलली, वर ठेवली, पाणी शिंपडलं.

दुसऱ्या दिवशी, पुन्हा भर दुपारी, दुसरा खड्डा. न्हाणीच्या भिंतीशी. रंगू पुन्हा खाली. मी पुन्हा उचलून वर ठेवली. तिनं तोंड वासलं, फुसकारली आणि अंगावर काळे पट्टे उमटले. मी खिडकीत जाऊन बसलो आणि ठरवलं, आता पापणी हलवायची नाही. खड्डे करणारा दिसलाच पाहिजे. तासभर पाहत होतो. ती माझ्याकडे पाहत होती. अंगणात पान हललं नाही. लाइन आली म्हणून उठलो, गिरणीत दोन तास दळण काढून आलो, आणि बघतो तर उंबऱ्यापासून दोन हातांवर तिसरा खड्डा! रंगू पुन्हा खाली, मी पुन्हा वर ठेवली.

अंगावर काटा आला. खड्डे घराकडे सरकत होते हो! मेंदी, न्हाणी, उंबरा. मी मावशीला फोन केला.

"मावशी, अंगणात खड्डे पडून राह्यले. तीन झाले."

"केवढाले?"

"हात जाईन एवढे."

"माणूस जाईन एवढा पडला नाई ना अजून? मी उद्या येतो. कोणाले सांगू नोको."

त्या रात्री मी दाराला आतून खाट लावून झोपलो. कारण मलाच नीट ठाऊक नव्हतं.

सकाळी मात्र सगळी भीती विसरलो. रंगूनं डोळे मिटले होते. दिवसाउजेडी. ते गरगर फिरणारे डोळे आत ओढले गेले होते, फांदीवरची पकड सुटत होती. ती मरणार असं मला स्पष्ट दिसलं. बोटावर नाकतोडा घेऊन मी तिच्यासमोर उभा राहिलो आणि रडलो. आता हसताय? हसा. चाळीस वर्षांचा माणूस सरडीपुढे रडत होता, आणि मला त्याची अजूनही लाज वाटत नाही.

दुपारी बाराच्या एसटीनं मावशी उतरली. बरोबर भगत. उंच, वाळका म्हातारा, डोक्याला फेटा, हातात पिशवी. पिशवीत लिंबं, बिब्बे, नारळ आणि एक हिरवी साडी. साडी कशाला, मला कळेना. म्हटलं, मावशीला रंगूची ओटी भरायची असेल. डोळे भरून आले माझे.

भगत फाटकाशीच थबकला. घराकडे पाहत त्यानं खर्जात विचारलं, "कुठी हाय थे?"

"हे काय. तुमच्या कानाशी."

मेंदीची एक फांदी फाटकावर आली होती. भगतानं हळूहळू मान वळवली. चार बोटांवर रंगूचं तोंड. तिनं नेमका तेव्हाच एक डोळा उघडला आणि त्याच्याकडे फिरवला. भगत एका उडीत रस्त्याच्या पलीकडे! पिशवी माझ्या पायाशी, लिंबं नालीत.

मावशी मात्र पुढे झाली. वाकली. बघितलं. मग माझ्याकडे बघितलं.

"गजा. हा सरडा हाय."

"सरडी हाय मावशी. दोन जिवाची."

"अरे भैताडा, जनावराले गाभण म्हंतेत ना रे! मले दोन दिवसांपासून पाणी गोड लागलं नाई! मले वाटलं, बायंतपणात मेलेली कोणी लागली तुह्या मांगं! साडी आणली मी तिले, कोरी!"

आता तुम्हाला कळलं ना? मला तेव्हा कळलं. पाय का विचारले, ओ का द्यायची नाही, सगळं एका क्षणात. पण मावशीचा राग फार टिकला नाही, कारण तिची नजर रंगूच्या पोटावर गेली होती. दोन बोटांनी तिनं ते अलगद चाचपलं. पन्नास वर्षांची बोटं ती.

"अंडे हायेत. गच्च भरली हाय. हे खड्डे तिनंच केले ना?"

"तिनं?"

"मंग काय मी केले? मातीत घालतेत ना अंडे. तिनं खड्डा केला का तू काय करतं?"

"पडली म्हणून उचलून झाडावर ठेवतो."

"तिन्ही डाव?"

"तिन्ही. मंग खिडकीत बसून लक्ष ठेवतो. डोया हालवत नाई."

मावशी ओट्यावर मटकन बसली. "अडली हाय रे थे. तुह्यापायी अडली. चाल, बाहेर हो."

"मी? माह्याच घरातून?"

"बाई अडली का आमी पयले बाप्ये बाहेर काढतो. तू तं तीन दिवस उशाशीच बसून हाय! हो बाहेर."

रंगूला तिनं पदरात धरून उंबऱ्याजवळच्या खड्ड्याशी ठेवलं, थोडं पाणी शिंपडून माती ओली केली, आणि आम्ही तिघंही फाटक ओढून रस्त्यापलीकडे कडुलिंबाखाली बसलो. आत बघायची कुणाची टाप नव्हती. भगतानं बिड्या ओढल्या. मी चारदा उठलो, मावशीनं चारदा शर्टाला धरून खाली बसवलं. कडुलिंबाची सावली सरकत पार भिंतीला टेकली. आतून काही म्हणजे काही आवाज नाही. मी मनातल्या मनात तिची माफी मागत होतो.

उन्हं उतरल्यावर मावशी आधी आत गेली. मग तिनं हाक मारली आणि मी धावलो.

खड्डा नव्हता. माती सपाट, दाबून बसवलेली, वर दोन वाळकी पानं ओढलेली. आणि मेंदीच्या खालच्या फांदीवर रंगू. पोट रिकामं, नाकाला माती, रंग फिका हिरवा. मी नाकतोडा पुढे धरला. तिचा एक डोळा फिरला, मग दुसरा. दोन्ही एकाच जागी येऊन थांबले. सट्! नाकतोडा गेला!

मी ओरडलो, मावशी हसली. तेवढ्यात भगत आत आला. नालीतून वेचलेलं एक लिंबू त्यानं शर्टाला पुसलं.

मी म्हटलं, "बुवा, आता लिंबू कायले? बायंतीण तं सुखरूप हाय."

"तिच्यासाठी नाई बापा," तो अगदी गंभीरपणे म्हणाला. "घरात होतं काईतरी, तुही मावशी खरं बोलली. भर दुपारी खिडकीत बसाचं, टक लावून पाहाचं, गरीब बाईले सुखानं बायंत होऊ द्याचं नाई. थे उतरवाव लागन. बस खाली, टोपी काढ."

आणि काय करता, मी टोपी काढून खाली बसलो.