शेवटचं कडवं

आमच्या गायन पार्टीची एकच कॅसेट निघाली, आणि तीही वरातीमागून घोडं. नव्वदच्या दशकातली गोष्ट. जयंती एप्रिलात झाली आणि कॅसेट हातात आली मेअखेर. भीमगीतांची कॅसेट तेव्हा कोण घेतंय? दोन खोकी माझ्या खाटेखाली पडून राहिली.

मी ढोलकी वाजवायचो. गाणी सगळी थोरल्या भावाची. तो मुरगूडजवळ गुऱ्हाळावर कामाला होता. काहिलीतला रस ढवळता ढवळता ओळी जुळवायचा आणि सुट्टीला एसटीनं कोल्हापूरला येऊन आम्हाला म्हणून दाखवायचा. कॅसेटच्या वेष्टणावर गायकाचा फोटो आला, पार्टीचं नाव आलं, कवीचं राहिलंच. भाऊ म्हणाला, "राहू दे की. शेवटच्या कडव्यात हाय न्हवं माझं नाव." आमच्यात रीतच तशी. गाणं कुणाचं, ते शेवटच्या कडव्यात कवीच सांगतो.

दहाएक वर्षांनी राजारामपुरीतल्या एका स्टुडिओवाल्याला ती कॅसेट कुठंतरी सापडली. रिमिक्स करून त्याला सीडी काढायची होती, मिरवणुकीत डॉल्बीवर वाजवायला. पार्टी तोवर मोडली होती आणि गायक दम्यानं घरी बसला होता, म्हणून स्टुडिओवाल्यानं मला बोलावलं. ऑफिस सुटल्यावर गेलो. डोकं ठणकत होतं. त्यानं नवं गाणं ऐकवलं. माझी ढोलकी संगणकाच्या ठोक्यांखाली पार गाडली गेली होती. त्याचंही फार काही वाटलं नाही. त्या वयात मला कशाचंच फार वाटेनासं झालं होतं.

"लई लांबतंय," तो म्हणाला. "शेवटचं कडवं काढू का?"

"काढा," मी म्हणालो.

एवढ्या सहज म्हणालो, कारण स्टेजवर आम्ही तेच करत आलो होतो. पुढची पार्टी ताटकळली की मी ढोलकीवर तोडा मारायचो आणि गायक शेवटचं कडवं सोडून द्यायचा. तेव्हा भाऊ समोरच बसलेला असायचा. गाणं कुणाचं, ते अख्ख्या वस्तीला ठाऊक होतं. त्या रात्री घरी येऊन जेवलो, झोपलो, आणि विसरलो.

सीडी निघाल्याचं ऐकून त्या एप्रिलात भाऊ जयंतीला नातीला घेऊन आला. "हिला म्हटलंय, आज्ज्याचं नाव ऐकवतो," म्हणाला. तेव्हा कुठं मला ते काढायला लावलेलं कडवं आठवलं. संध्याकाळी कोपऱ्यावर उभे राहिलो. डॉल्बीची गाडी आली, त्याचंच गाणं लागलेलं, पोरं घामाघूम होऊन नाचत होती. गाणं संपलं आणि लगेच पहिल्यापासून सुरू झालं.

"थांब, आता येतंय," तो नातीला म्हणाला.

तिसऱ्यांदा गाणं संपलं तेव्हा त्यानं माझ्याकडं बघितलं. "काढलं व्हय रं शेवटचं?"

"स्टुडिओवाल्यानं काढलं, दादा," मी म्हणालो. आयुष्यात एवढी लाज मला कधी वाटली नव्हती, तरी तोंडातून तेच आलं.

तो नातीला कडेवर घेत म्हणाला, "निदान तुला तरी इचारायला पायजे हुतं त्यानं."

"व्हय," मी म्हणालो.