डबीला नमस्कार

माझे वडील माणिकप्पा परंड्याच्या एस.टी. स्टँडवर तिकिटं देत. लोक त्यांना मास्तर म्हणत, आम्ही अप्पा. कपाळावर भस्माचे पट्टे, गळ्यात चांदीची डबी आणि डबीत इष्टलिंग. आम्हा लिंगायतांत लिंगाची पूजा केल्याशिवाय अन्नाला शिवायचं नाही. पूजा म्हणजे डबी उघडून लिंग तळहातावर घ्यायचं आणि नजर लावून बसायचं. पण कुर्डुवाडीची पहिली गाडी सहाला सुटायची आणि अप्पांना झोप भारी प्रिय. त्यांनी पूजाच आखूड केली. खिडकीत बसून बंद डबी डोळ्यांना लावायची, झालं. वर रांगेतल्यांना उपदेश, "आदी देव, मग च्या." कंडक्टर चाँदपाशाकाकांना तर ते नमाजावरून रोज टोचायचे. मला तेव्हा अप्पांचा फार अभिमान वाटायचा. आता ते आठवलं की मेल्याहून मेल्यासारखं होतं.

त्रेसष्ट सालच्या श्रावणात एका सोमवारी दुपारी आमचे जंगम, म्हणजे घराण्याचे गुरू, महालिंगप्पा स्वामी घरी आले. शेजारचे चार पुरुष जमले. सगळ्यांनी मिळून पूजा करू, असं स्वामी म्हणाले. डब्या उघडल्या गेल्या. अप्पांची डबी रिकामी होती.

"कधीपासनं न्हाय, माणिकप्पा?" स्वामींनी हळूच विचारलं.

अप्पांना ते ठाऊक असेल तर ना. डबी शेवटची कधी उघडली, हेच त्यांना आठवत नव्हतं. घाम पुसत म्हणाले, "आज सकाळीच पडलं असंल, स्टँडवर. काल हुतं की."

लिंग मिळेपर्यंत पाण्याचा थेंबही घ्यायचा नाही, असं स्वामींनी बजावलं. आम्ही स्टँडवर पोचलो तेव्हा खबर आधीच पोचली होती. चाँदपाशाकाका उभ्या गाडीखाली पालथे पडून माती चाचपत होते. कोपरं सोलली होती.

"मास्तर, येक इचारायचं ऱ्हायलं," ते म्हणाले. "दिसलं तर म्या हात लावू का तुमास्नी हाक मारू? तुमच्या देवाला चालाय पायजे."

"हाक मार," अप्पा म्हणाले.

"आन तुमी उपाशी, म्हून म्या बी पानी पिलो न्हाय."

दिवस कलला तसे आम्ही घरी परतलो. माझ्या आईनं, अव्वानं, दार लोटलं आणि देवळीतून एक पुरचुंडी काढून अप्पांसमोर ठेवली. आत लिंग होतं.

"डबीचं झाकण ढिलं हाय. दसऱ्याला तुमचा सदरा धुताना ह्ये खिशातनं दगडावर पडलं," ती म्हणाली. "तवापासनं म्या रोज पुजते. आज इचारतील, उद्या इचारतील म्हणून वाट बगितली. दहा म्हैनं झालं."

"मग दुपारीच का न्हाय बोललीस?"

"चार माणसांत तुमची मान खाली घालू व्हय? आता जावा. चाँदपाशा उपाशी हाय. त्याला खरं काय ते सांगा."

मी सोबत गेले. "घावलं," अप्पा म्हणाले. कुठं, हे काकांनी विचारलंच नाही. त्यांचे डोळे भरून आले. गाडीसाठी थांबलेल्या लोकांना त्यांनी मोठ्यानं सांगितलं, "मास्तरांचा देव परत आला. असा पुजणारा असल्यावर देव जाईल कुठं?"

एका म्हातारीनं अप्पांचे पाय धरले. मागून आणखी दोघी आल्या. अप्पा पाय मागं घेतील, काहीतरी बोलतील, म्हणून मी बघत राहिले. त्यांनी एकदाच माझ्याकडं पाहिलं. मग खिडकीत जाऊन बसले आणि तिकिटं द्यायला लागले.

पुढं मरेपर्यंत अप्पा रोज तासभर डबी उघडून पूजा करीत. परंड्यात त्यांच्या भक्तीचं नाव निघे. काकाही कौतुकानं सांगत. खरं काय ते त्यांना अप्पांनी सांगितलं नाही, अव्वानं नाही आणि मीही नाही.

गेल्या साली काका वारले. मी भेटायला गेले, तेव्हा त्यांचा मुलगा हैदर आलेल्या माणसांना सांगत होता, आमच्या अब्बांनी उपाशीपोटी मातीत शोधलं म्हणून मास्तरांना त्यांचा देव परत मिळाला. मग माझ्याकडं वळून म्हणाला, "व्हय न्हवं, अक्का?"

मी मान डोलावली.