पाटावरचं पिस्तूल

१४ ऑक्टोबर. सकाळी साडेदहाला मुद्देमालाचं पार्सल उघडायला घेतलं. मुद्देमाल म्हणजे गुन्ह्यात जप्त केलेली वस्तू. ती कापडात शिवून, लाखेचं सील मारून सांगलीला आमच्या प्रयोगशाळेत येते. मी बंदुका तपासते, एकवीस वर्षं. आणणाऱ्याला सील शाबूत असल्याचं दाखवायचं आणि मगच कात्री लावायची.

सातारा जिल्ह्यातल्या एका ठाण्याचे हवालदार माने पार्सल घेऊन आले होते. पंचनाम्यात लिहिलं होतं, 'काळ्या रंगाचे प्लास्टिकचे पिस्तूल एक. नळी सरळ. नळीच्या तोंडाशी रक्तसदृश लाल डाग.'

कापडातून जे निघालं ते केळ्यासारखं वाकलेलं होतं.

"माने, इथे नळी सरळ लिहिलीय."

माने खुर्चीतून उठले. "सरळच हुती मॅडम. आईशप्पत. मी सोता शिवलंय."

"आलात कसे?"

"येष्टीनं. लय गर्दी. ड्रायव्हरशेजारी बॉनेटवर ठेवलं, नजरंसमोर ऱ्हावं म्हणून."

"त्याच्यावर काही ठेवलं होतं?"

माने म्हणाले, "एका बाईनं आल्याचं पोतं ठेवलं हुतं. कराडला उतरली ती."

थ्रीडी प्रिंटर प्लास्टिकची तार वितळवतो आणि थरावर थर देत वस्तू उभी करतो. यातलं सर्रास वापरलं जाणारं प्लास्टिक गरम चहा ओतला तरी नरम पडतं. एसटीच्या इंजिनावर साताऱ्यापासून कराडपर्यंत, वर पोतं. वाकणारच.

लाल डाग भिंगाखाली धरले. कुंकू होतं. त्यात अक्षतेचा एक दाणाही चिकटलेला होता.

मग मी केसचे कागद वाचले. आरोपी सुभेदार जगन्नाथ शेलार, फौजेतून निवृत्त, साखर कारखान्याच्या गेटवर सिक्युरिटीला. त्यांच्याकडे परवान्याची बारा बोअरची बंदूक. निवडणुकीची आचारसंहिता लागली की परवान्याच्या बंदुका ठाण्यात जमा करायला लावतात. सुभेदारांनी पहिल्याच दिवशी जमा केली. नंतर आला दसरा. शस्त्रपूजेच्या पाटावर ठेवायला घरात शस्त्रच नाही. त्यांच्या सुनेचं साताऱ्यात ट्रॉफ्या आणि नेमप्लेट छापायचं दुकान. सासऱ्यांचा चेहरा बघून तिने प्रिंटरवर एक पिस्तूल काढून दिलं. पूजा झाली.

इथपर्यंत कुणाचंच काही बिघडलं नव्हतं. पण दुसऱ्या दिवशी सुभेदार ते पिस्तूल रुमालात गुंडाळून स्वतः ठाण्यात गेले. आचारसंहितेत घरात शस्त्र नको, जमा करून घ्या आणि पावती द्या, म्हणाले. ड्युटीवरच्या अंमलदाराने पावती लिहिली, 'पिस्तूल एक, नंबर नाही, परवाना नाही.' लिहिलेलं स्वतःच वाचलं आणि सुभेदारांना अटक केली.

त्याला पाच दिवस झाले होते. दुसऱ्या दिवशी जामिनाची सुनावणी होती. शिवाय माझ्या रिपोर्टमध्ये 'अग्निशस्त्र' हा शब्द आला असता तर सुनेलाही उचलणार होते. विनापरवाना शस्त्र बाळगण्यापेक्षा ते बनवणं जास्त गंभीर. तिचं मूल दोन वर्षांचं.

लोकांना वाटतं, प्लास्टिकचं म्हणजे खेळणं. कायदा प्लास्टिक की लोखंड हे विचारत नाही. गोळी सोडण्यासाठी बनवलंय का, एवढंच विचारतो. तसं असेल तर घरच्या प्रिंटरवर छापलेलं पिस्तूलही बेकायदा. आणि वर ते धडही चालत नाही. गोळी उडताना नळीत जो दाब येतो तो प्लास्टिकला पेलवत नाही. समोरच्याला काही होवो न होवो, धरणाऱ्याचा हात जातो. असे हात मी फोटोंत पाहिलेत.

एवढ्यात ठाण्याच्या इन्स्पेक्टरांचा फोन आला. मान्यांनी त्यांना कळवलं होतं.

"मॅडम, थोडं गरम पाण्यात धरून सरळ करून घ्या की. पंचनाम्याशी जुळायला पायजे."

"मुद्देमाल आहे साहेब, मुरंबा नाही. जसा आला तसाच लिहिणार."

"मग आमच्या मान्याची चौकशी लागंल."

"बॉनेटचंही लिहिते. खरं आहे तेच."

मान्यांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली.

आता आमच्या साहेबांची पाळी. नियमाप्रमाणे शस्त्र चालू आहे का हे ठरवायला टेस्ट फायर लागतं, म्हणजे बंदूक शिकंज्यात आवळून लांबून चाप ओढायचा.

"टेस्ट फायरशिवाय रिपोर्ट जात नाही," साहेब म्हणाले.

"सर, नळीला भोकच दिसत नाही. गोळी घालू कुठे?"

"आत असेल. वाकल्यामुळे बुजलं असेल. कापून बघा."

"कापलं तर उद्या कोर्टात तुकडे दाखवायचे का?"

साहेबांनी चष्मा पुसला. "मग न कापता आतलं बघा."

न कापता आतलं बघतात ते एक्स-रेत. आमचं मशीन बंद होतं. मी आणि माने ओळखीच्या एका दवाखान्यात गेलो. टेक्निशियन म्हणाला, नाव, वय, स्त्री की पुरुष हे भरल्याशिवाय कॉम्प्युटर पुढे जात नाही. मी नाव 'मुद्देमाल' सांगितलं. वय त्याने शून्य टाकलं. लिंगावर तो अडला.

माने म्हणाले, "पिस्तूल म्हंजे ते पिस्तूल. पण बंदूक आसती तर ती."

त्याने 'इतर' निवडलं. बाकावरचे पेशंट वाकून बघत होते. एक आजोबा म्हणाले, "फ्रॅक्चर हाय काय?"

फिल्म स्वच्छ आली. आत मधमाश्यांच्या पोळ्यासारखी जाळी. भोक नाही, स्प्रिंग नाही, गोळीला ठोकणारी पिन नाही. चापही बाजूच्या प्लास्टिकशी एकसंध. रिपोर्टमध्ये मी लिहिलं, 'वस्तू अग्निशस्त्र नाही. तशी करता येण्याजोगीही नाही. वाक उष्णता व दाबामुळे, वाहतुकीदरम्यान.' साहेबांनी दोनदा वाचून सही केली.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी स्वतः रिपोर्ट घेऊन साताऱ्याला गेले. सरकारी वकिलांनी तो वाचला आणि हसू दाबत न्यायाधीशांकडे दिला. त्यांनी फिल्म खिडकीच्या उजेडात धरली.

"मॅडम, यातून गोळी सुटू शकते?"

"नाही सर."

"मग या गृहस्थांना आत ठेवून आपण काय करतोय?" त्यांनी पोलिसांकडे बघितलं.

जामीन झाला. सुनेचं नाव वगळतो असं इन्स्पेक्टरांनी तिथेच सांगितलं. बाहेर सुभेदार माझ्यासमोर ताठ उभे राहिले. दाढी वाढली होती.

"मॅडम, उपकार झालं. पर मी नियमानंच गेलतो."

"सुभेदारसाहेब, नियम शस्त्राला होता. पुढच्या वेळी पाटावर कोयता ठेवा."

सून मूल कडेवर घेऊन जिन्याशी उभी होती. मला बाजूला घेऊन हळूच म्हणाली, "मॅडम, एक विचारू? मामंजींचं बघून गावातल्या आणखी दोघा फौजींनी तसलंच पिस्तूल सांगितलंय. खंडेनवमीला राहून गेलं म्हणून दिवाळीला हवंय. एकाचं छापून तयार आहे. त्यांना नळी पोकळ पायजे, खरी दिसावी म्हणून."

"फोन काढा," मी म्हटलं.

"आत्ता?"

"आत्ता. माझ्यासमोर. आणि छापलेलं आहे ते आज वितळवा."

तिने दोन्ही फोन लावले. दुसरा फौजी ऐकेना, तेव्हा सुभेदारांनी फोन ओढून घेतला आणि आवाज चढवला, "गप कोयता पूज रं गड्या!" दोन्ही ऑर्डरी रद्द झाल्यावर मी स्टँडकडे निघाले.