वासोच्या भावकीत, न बोलावता

न बोलावता कुणाच्या घरी जेवायला जाण्याची आयुष्यातली पहिली वेळ आली, तेव्हा माझं वय अठ्ठ्याहत्तर होतं आणि पिशवीत बेसनाचे चाळीस लाडू होते.

स्लाऊ स्टेशनवर सोडायला आलेल्या सायलीला धीर निघत नव्हता. ही माझी नात इथेच, इंग्लंडात जन्मली. मराठी बोलते, पण स्त्रीलिंग-पुल्लिंगाची फारशी फिकीर करत नाही.

“आजी, इन्व्हाइट नाय, तर तुझा मैत्रीण काय म्हणेल?”

“तेच बघायला चाललेय.”

ही मैत्रीण म्हणजे मॉन्टेनेग्रोच्या डोंगरातली स्ताना. चाळीस वर्षांपूर्वी ट्रेडिंग इस्टेटवरच्या एका फॅक्टरीत आम्ही समोरासमोर बसून खोकी भरायचो, डबा वाटून खायचो. दर नोव्हेंबरात ती म्हणायची, “एकवीसला आमची स्लावा (कुळाच्या रक्षक संताचा दिवस),” आणि गप्प बसायची. ‘ये’ काही म्हणायची नाही. दोन वर्षं मी वाट पाहिली. तिसऱ्या वर्षी माझी खात्री झाली की हिलाही कुणीतरी माझी जात सांगितली. तेव्हा मी फार हुशार होते. सगळ्या कुलपांना माझ्याकडे एकच किल्ली होती. मग लेकीच्या लग्नाच्या पत्रिका मी अख्ख्या लाइनला वाटल्या, स्तानाला सोडून. तिच्या डोक्यावरून हात लांबवून पलीकडच्या बाईला दिली. केवढा तो पराक्रम! वर कामाची पाळीही बदलून घेतली. पुढे ती नवऱ्याबरोबर बर्मिंगहॅमला गेली आणि संपलंच.

गेल्या महिन्यात डोळे तपासायला गेले, तर तिथली नर्स निघाली मॉन्टेनेग्रोची. मी आपली जुनी तक्रार तिला ऐकवली. थेंब टाकता टाकता तिचा हात थांबला.

“स्लावेला बोलावत नाहीत. कुणालाच नाही. तारीख सांगतात. आपलं माणूस असेल ते येतं.”

डोळ्यांत आधीच थेंब होते म्हणून बरं. स्तानाचा पत्ताही तिनंच ओळखीतून काढून दिला.

रेडिंगला गाडी बदलली. ऑक्सफर्डच्या पुढे शेतांत पाणी साचलं होतं आणि मेंढ्या उंचवट्यांवर गोळा होऊन उभ्या होत्या. बर्मिंगहॅमला बसमधून दोन स्टॉप आधीच उतरले आणि लाडू वागवत उरलेलं अंतर चालले. लाल विटांचं घर सापडलं, तर त्याच्यावरून तीनदा पुढे गेले. इतक्या वर्षांनी दारात उभी राहिले आणि ती ‘कशाला आलीस?’ म्हणाली तर? चौथ्यांदा पाय दुखले म्हणून आत शिरले. दार उघडंच होतं.

स्तानाचा नवरा रादे पांढऱ्या शर्टात उभा होता. घरधन्यानं स्लावेला बसायचं नसतं. मी नर्सनं शिकवलेलं म्हणाले, “स्रेच्ना स्लावा, दोमाचिने!” (स्लावेच्या शुभेच्छा, घरधनी!) तो खूश झाला, पण मला काही ओळखलं नाही. “चिया सि?” त्यानं विचारलं. नर्सनं याचाही अर्थ सांगून ठेवला होता. कोणाची तू?

हा प्रश्न मी आमच्या गावात लांबून ऐकलेला. उत्तर ऐकून मग पाणी ओंजळीत वरून ओतायचे. मी लाडवांची पिशवी पुढे केली.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून ट्रे घेऊन स्ताना आली. केस पांढरे, चाल तीच. तिनं मला पाहिलं, लाडवांकडे पाहिलं.

“उशीर केलास,” ती म्हणाली. “सारमा (कोबीच्या पानातला खिमा-भात) गार झाला. बस.”

बसले. मेणबत्ती जळत होती, शेजारी क्रूस उमटवलेला गोल पाव. इतर घरांच्या स्लावेला शिजवलेले गहू असतात, पण ते मेलेल्यांसाठी. यांचा रक्षक देवदूत मिखाइल, तो मेलेला नाही, म्हणून इथे गहू नाहीत. त्या जागी स्तानानं माझे लाडू मांडले.

“आम्ही वासोयेविची,” रादे सांगू लागला. ही लिम नदीच्या वरच्या खोऱ्यातली जमात. मूळपुरुष वासो. त्याच्या वंशात राजो, नोवाक आणि मियोमान, त्यांच्या तीन शाखा. शाखांच्या पोटात ब्रात्स्त्वो, म्हणजे थेट आपली भावकी. रादे बोटांवर बाप, आजा, पणजा मोजत वासोपर्यंत चढला. मध्ये एकदा घसरला, तर स्तानानं नाव पुरवलं. वासोला म्हणे चार भाऊ होते: ओझ्रो, पिपो, क्रास्तो, ओतो. पाच भावांच्या पाच जमाती झाल्या. त्यांतल्या दोन आज अल्बेनियन बोलतात, त्यांचा धर्मही निराळा.

“अभ्यासक म्हणतात, हे खरं नाही,” रादे म्हणाला. “पण भांडताना समोरचा भाऊ आहे हे आठवलेलं बरं.”

“आणि बहिणी?” मी विचारलं.

“स्वयंपाक करत होत्या!” स्ताना आतून ओरडली.

हसणं ओसरल्यावर रादेनं पुन्हा तेच विचारलं. या वेळी मला उत्तर सुचलं. “आमचं घराणं नवंकोरं आहे. वडिलांनी बाबासाहेबांच्या मागे जाऊन धम्म घेतला. मी तिथून मोजते. नातीपर्यंत चार पिढ्या.”

रादेनं ग्लास उचलला. “म्हणजे तुमचा वासो तू स्वतः पाहिलायस! आम्हाला नुसतं नाव माहीत.”

वडिलांना असं कुणी म्हणालेलं मी कधी ऐकलं नव्हतं. त्या आनंदात राकियाचा (फळांच्या दारूचा) मोठा घोट घेतला आणि ठसका लागून अर्धा टेबलक्लॉथवर सांडला.

नंतर आम्ही दोघी भांडी धूत होतो.

“तुझ्या लेकीच्या लग्नात भात जरा कच्चा होता,” स्ताना म्हणाली.

माझ्या हातातलं ताट तसंच राहिलं. “तू कुठे होतीस लग्नात?”

“मागच्या दाराशी. नवरीची पांढरी साडी छान होती. गर्दीत तुझ्यापर्यंत पोचले नाही. कामाची पाळी होती, जेवून गेले.”

“पण मी तुला पत्रिका…”

“सगळ्यांना दिलीस, मला नाही. मी रादेला म्हटलं, बघ, ती मला घरची समजते.” तिनं नळ बंद केला. “मग पाळी का बदललीस, ते मात्र कळलं नाही.”

“मी गाढव होते म्हणून.”

“ते माहीत होतं,” ती म्हणाली आणि टॉवेल माझ्या अंगावर फेकला.

निघताना ती दारापर्यंत आली. ‘आमच्याकडे नक्की यायचं हं’ अगदी ओठांवर आलं होतं. ते गिळलं.

“मे महिन्यातली पौर्णिमा आमची असते,” मी म्हणाले आणि गप्प बसले. तिनं मान हलवली.

परतीच्या गाडीत काचेत दिसणाऱ्या म्हातारीकडे पाहून मला सारखं हसू येत होतं. इतकी वर्षं एक ताट माझं होतं आणि मी हातात अक्षता पडायची वाट पाहत बसले होते. न बोलावणं म्हणजे दार लावणंच, एवढं एकच मला शिकवलेलं होतं. दार लावायचं नाही म्हणून न बोलावणारी माणसंही जगात असतात, हे कुणी सांगितलं नव्हतं.

स्लाऊला सायली प्लॅटफॉर्मवरच उभी होती.

“मग? तिला पण इन्व्हाइट केलं ना आपल्या घरी?”

“छे गं,” मी म्हटलं. “इतक्या वर्षांनी भेटली, आता पुन्हा अपमान करू होय तिचा?”