मागचा आधी, पुढचा हल्लू

आमच्या घरी मोटारसायकलला फटफटी म्हणत आणि फटफटीला घरचं माणूस समजत. लष्कराच्या लिलावातून काकाने आणलेली ती विलायती बाई सकाळी सुरू व्हायला नखरे करी, दुपारी तापे, आणि संध्याकाळी हैदराबादेतल्या आमच्या बरकतपुऱ्यात अशा ठसक्यात शिरे की गल्लीतली कुत्री उठून उभी राहत.

वडिलांचं बेगम बाजारात हळद-मिरचीचं दुकान होतं. एकदा मिरच्यांच्या पोत्यांची थप्पी गुडघ्यावर कोसळली, तेव्हापासून त्यांना फार चालवत नसे. माणसाने ओढलेल्या रिक्षात बसायचं नाही, हा त्यांचा हट्ट. म्हणून काका, त्यांचा धाकटा भाऊ, रोज सकाळी त्यांना फटफटीवरून दुकानात सोडी आणि मग आपल्या सरकारी कचेरीत जाई. एक खुर्चीवर भात खाणारा, एक पाटावर. एक बडबड्या, एक घुमा. पण फटफटीवर बसले की दोघं एका बाजूला कलत, एकदमच सरळ होत.

मग हैदराबाद राज्याचे भाषेप्रमाणे तीन तुकडे करायचं ठरलं. कचेरीतल्या मराठी लोकांना मराठवाड्याकडे जाता येणार होतं. काकाला जायचं नव्हतं. त्याला इथला चहा, इथले मित्र आणि इथली लांबलचक दुपार सोडवत नव्हती. त्याला घालवला तो वडिलांनीच.

वडिलांना मराठीचा भारी अभिमान. आम्ही घरात ‘पानी’ मागितलं तर तहानेले राहत असू. ‘पाणी’ म्हटलं की मगच तांब्या पुढे येई. ते काकाला म्हणाले, “आपल्या भाषेचं राज्य होतंय, आणि तू इथं ‘हौ’ अन् ‘नक्को’ करत म्हातारा होणार?”

“दादा, नक्को तर आपल्याच नकोवरून गेलंय,” काका म्हणाला.

“मग जा की त्याच्यामागे.”

काकाने बदलीसाठी औरंगाबाद लिहून दिलं. आणि त्यानंतर आईने ताटं वाढता वाढता सहज विचारलं, “मग ह्यांना दुकानात कोण सोडणार?”

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी तेव्हा कॉलेजात होतो आणि स्वतःला फार देखणा समजत होतो. “हा शिकला की मी निघतो,” काका म्हणाला.

घरामागच्या मोकळ्या मैदानात शिकवणी सुरू झाली. काका फटफटी शिकला होता कोठी भागातल्या एका मिस्त्रीकडे, दखनीतून, म्हणजे इथल्या उर्दूतून. त्यामुळे तिच्याबद्दल त्याला शुद्ध मराठीत बोलताच येत नसे. “हे बघ. पायाखाली मागचा ब्रेक, हाताशी पुढचा. मागचा आधी, पुढचा हल्लू. गाडीचा सगळा भार पुढं येतो, म्हणून खरी थांबते ती पुढच्यानंच. पण एकदम आवळलास तर ती तुला सोडून पुढं जाईल. हल्लू म्हणजे कसा? झोपलेल्याचा हात धरतात तसा.”

पहिल्याच दिवशी मी मैदानाच्या टोकाला वळलो, समोर मुरमाचा ढीग आला, आणि मागून काका ओरडला, “हल्लू! हल्लू!” इंजिनाच्या आवाजात मला ऐकू आलं ‘हौला’. आता आमच्या शहरात हौला म्हणजे बिनडोक. मानी माणूस मी! सख्खा काका चारचौघांत हौला म्हणतो? जाब विचारायला मी मान मागे वळवली आणि त्याच तावात पुढचा ब्रेक करकचून आवळला. पुढचं चाक मुरमात जागच्या जागी रुतलं. बाई थांबली, मी थांबलो नाही. कोपरं सोलून, तोंडभर माती घेऊन मी उठलो आणि आधी विचारलं, “हौला कुणाला म्हणालास?”

काका पोट धरून खाली बसला. “आता म्हणतो,” तो म्हणाला.

रात्री वडिलांनी माझी कोपरं पाहिली. “हल्लू काय? हळू म्हणावं. नीट मराठीत सांगितलं असतं तर पोरगं पडलं नसतं.” मग काकाला, “कसा आहे?”

“कच्चा आहे, दादा.”

“मग घाई करू नकोस.”

पुढे हा प्रश्नोत्तरांचा खेळ रोज जेवताना होऊ लागला. माझी कोपरं भरून आली. मी मैदान सोडून रस्त्यावर आलो, चिक्कडपल्लीच्या बाजाराच्या गर्दीतून गाडी काढू लागलो. काका मात्र “कच्चा आहे” म्हणे, वडील “घाई करू नकोस” म्हणत, आणि आई खाली मान घालून दोघांना आणखी एकेक पोळी वाढी. काकाच्या कचेरीतले बाकीचे निघून गेले. काकाने तिकडे रुजू होण्याआधी रजा घेतली होती, ती वाढवून घेतली. माझा तर अपमान होत होता! एवढी सुंदर गाडी चालवतो आणि घरात कुणी कौतुक करत नाही.

एका सकाळी काका तापाने फणफणला. दुकानात हळद उतरायची होती, वडिलांना जाणं भाग होतं. ते माझ्या मागे बसले, एका हाताने माझा खांदा धरून. त्यांचा हात किती जड असतो ते मला त्या दिवशी कळलं.

कोठीच्या उताराला गल्लीतून मडक्यांनी लादलेली एक बंडी, म्हणजे हातगाडी, सुसाट बाहेर आली. मागून धावणारा कुंभार ओरडत होता. मी काही विचार केला नाही. पाय आधी गेला, हात मागून, हल्लू. बाई जराशी पुढे झुकली आणि मडक्यांपासून वितीवर अलगद उभी राहिली. वडिलांचा हात खांद्यावरून हललासुद्धा नाही.

“वाह मियाँ!” कुंभार आपली बंडी आवरत म्हणाला. “क्या रोके! किसने सिखाया?”

मी फुलून मागे पाहिलं. वडील कुंभाराकडे बघत होते, जणू त्याने भर बाजारात त्यांच्या घरातली झाकून ठेवलेली गोष्ट सांगितली होती. “चल,” एवढंच ते म्हणाले.

रात्री काकाचा ताप उतरला होता. तो भिंतीला टेकून मऊ भात खात होता. मला वाटलं, कौतुक वडिलांच्या तोंडून ऐकावं.

“आज कसा चालवला यानं?” काकाने विचारलं.

“कच्चा आहे,” वडील म्हणाले.

मी तोंड उघडणार तोच आईने माझ्या मांडीवर हात ठेवला. वडील ताटातला भात कालवत राहिले, कालवत राहिले. घास काही उचलला नाही.

“नाही,” ते म्हणाले. “चांगला थांबवतो. तुझ्यासारखा थांबवतो. तू जा आता.”

काका “बरं, दादा” म्हणाला. मला हवं ते कौतुक मिळालं होतं, आणि मला ते नको झालं.

काचीगुडा स्टेशनातून औरंगाबादची गाडी सुटली तेव्हा काका खिडकीतून एकाच वेळी फार बोलत होता: तेल बदल, चेन बघ, पावसात पुढच्याला हात लावायचा तो जपून. वडील फलाटावर काठी टेकून उभे होते. डबा सरकला तसा काकाने हात बाहेर काढला. वडिलांनी तो धरला आणि दुखऱ्या गुडघ्याने चार पावलं बरोबर चालले. मग सोडावा लागला.

स्टेशनबाहेर येऊन ते माझ्या मागे बसले. मी कीक मारली. बाईने त्या दिवशी एकही नखरा केला नाही, पहिल्याच फटक्यात सुरू झाली. घर अगदी जवळ होतं. मी नेहमीच्या ठसक्यात निघालो, तर खांद्यावरचा हात घट्ट झाला.

“हल्लू,” माझ्या कानाशी वडील म्हणाले. “हल्लू चल रे. घरी कशाची घाई आहे?”